सहासष्ट कशावरून?

महाळुंग्यात गुंठा कुणाला शिकवावा लागत नाही. टपरीवर चहा पिताना, लग्नाच्या मांडवात, अगदी मयताच्या मागून चालतानासुद्धा ‘तिकडं गुंठ्याला काय निघालं?’ हे कानावर येतं. मुळेच्या काठचं हे मुळशी तालुक्यातलं गाव. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी महाळुंगे-बालेवाडीला क्रीडासंकुल झालं, मग पलीकडे हिंजवडीत आयटी पार्क आलं, आणि २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेलं. जमीन विकून हातात आलेल्या पैशाचं पुढं काय होतं, हे ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटानं २०१८ साली राज्याला दाखवलं, तालुक्याला ते आधीच ठाऊक होतं.

शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये पाच-सहा मुलं माझ्याकडे गणिताला येतात. शिकवणी म्हणावी तर फी नाही, आणि नाही म्हणावं तर पालक ‘काकांची शिकवणी’ असंच म्हणतात. दोघं-तिघं सोसायटीतली, आईबाप हिंजवडीला जाणारे. बाकीची गावठाणातली. गावठाणातली एक सातवीतली मुलगी आहे. फारसं बोलत नाही, पण वहीच्या मागच्या पानावर सतत काहीतरी आखत असते. तिला एकदा विचारलं,

“एक गुंठा म्हणजे किती गं?”

“तेहतीस बाय तेहतीस.” पटकन उत्तर. हे शाळेतलं नव्हतं, घरातलं होतं.

“म्हणजे चौरस.”

“हां. एक हजार एकोणनव्वद स्क्वेअर फूट.” हेही घरातलंच.

“मग मला दोन गुंठ्यांचा प्लॉट पाहिजे. पण चौरस पाहिजे, लांबट नको. बाजू किती घेऊ?”

“सहासष्ट.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुप्पट जागा, दुप्पट बाजू. इतकं सरळ.

माझ्या जिभेवर ‘नाही’ आलं होतं. पहिलं वर्षभर मी ते म्हणत असे. ‘नाही, असं बघ,’ म्हणून फळ्याकडे वळायचो, क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाच्या प्रमाणात कसं वाढतं ते छान समजावून सांगायचो, मुलं ‘हो काका’ म्हणायची आणि पुढच्या शनिवारी तीच चूक दुसऱ्या कपड्यांत समोर यायची. शिकत होतो तो मीच. माझं समजावणं दर आठवड्याला सुधारत होतं. या वेळी जीभ आवरली आणि एकच शब्द बोललो, “कशावरून?”

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. ‘कशावरून’ म्हणजे ‘चूक’, हे मुलांनी केव्हाच ओळखलेलं असतं. बरोबर उत्तराला कुणी कशावरून विचारत नाही. म्हणून मी बरोबर उत्तरांनाही विचारायला लागलो होतो, पण सवय जुनी असते. तिनं वहीवर चौकोन काढला, बाजूला ६६ लिहिलं, मग त्यात ३३चे चौकोन बसवायला घेतले. एक. दोन. तिसरा काढताना हात थबकला.

“काका, हे चार गुंठे झाले.”

“दोन गुंठ्यांचे पैसे कोण देणार?” आठवीतला एक जण ओरडला. या गावात हा विनोद नव्हे.

मग त्यानंच तोडगा काढला. तेहतीस कमी पडतात, सहासष्ट जास्त होतात, तर मधलं घ्या: साडेएकोणपन्नास. गुणाकार हातानं करायचा असा आमच्याकडे नियम आहे. चार-पाच मिनिटं गेली. २४५०.२५ आलं. पाहिजेत २१७८. वजाबाकी केली तर २७२.२५, म्हणजे बरोबर पाव गुंठा जास्त. सव्वादोन गुंठे. पोरं चिडली. आता उत्तर त्यांना खरोखर हवं होतं.

इथं थांबून एक जुनी गोष्ट सांगतो. ग्रीसमध्ये प्लेटोनं ‘मेनो’ नावाचा संवाद लिहिला त्याला आता चोवीसशे वर्षं होतील. त्यात सॉक्रेटिस एका गुलाम पोराला चौरस काढून हेच विचारतो: बाजू दोन फूट, क्षेत्रफळ चार, आठ क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती? पोरगा म्हणतो चार. दुप्पट जागा, दुप्पट बाजू. तो खोटा ठरल्यावर म्हणतो तीन, म्हणजे दोन आणि चारच्या मधलं. अथेन्समधला तो गुलाम आणि महाळुंग्याची मुलं एकाच पायरीवर एकाच क्रमानं ठेचकाळली. त्या शनिवारी रात्री घरी येऊन मी तो भाग पुन्हा वाचला आणि बराच वेळ हसत बसलो.

पण त्या संवादात एक खोट आहे, आणि ती शिकवणाऱ्यानं ओळखली पाहिजे. चौरसाचा कर्ण सॉक्रेटिस स्वतः काढतो. त्यानंतर पोराच्या वाट्याला उरतं ते बहुतेक ‘हो’, ‘बरोबर’, ‘तसंच’. ज्ञान आत्म्यात आधीच असतं, ते फक्त आठवून द्यायचं, हे सॉक्रेटिसला सिद्ध करायचं होतं. पोराला भूमिती यावी ही त्याची निकड नव्हती. वकील साक्षीदाराला जसे प्रश्न विचारतो तसे प्रश्न विचारूनही मुलाला दाराशी नेता येतं. दार मात्र त्यानं उघडलेलं नसतं.

मी काय केलं? कर्ण काढला नाही. जुन्या वर्तमानपत्राचे दोन सारखे चौरस कापून ठेवले होते, ते आणि कात्री टेबलावर ठेवली. “हे दोन गुंठे. यांचा एक चौरस करा. कागद वाया घालवायचा नाही.” हाही इशाराच होता, नाही कसं म्हणू? कात्री दिली म्हणजे कापायचं आहे हे सांगितलंच. पण कुठं कापायचं ते सांगितलं नव्हतं. मुलांनी आधी दोन्ही कागद शेजारी ठेवले, आयत झाला. मग एकाच्या पट्ट्या कापून दुसऱ्याच्या कडेनं लावल्या. कोपऱ्यात भोक उरलं. एक चौरस वाया गेला, नवा दिला. सातवीतली मुलगी बराच वेळ नुसती घडी घालत होती. घडी कोपऱ्यावरून कोपऱ्यावर पडली. तिनं ती उलगडली, रेघ पाहिली, आणि दोन्ही चौरस त्या रेघेवर कापले. चार त्रिकोण. ते टेबलावर फिरवता फिरवता काटकोन चारही आतल्या बाजूला आले, आणि बाहेर एक मोठा, तिरका बसलेला चौरस तयार झाला. कुणी बोललं नाही. मग ती हळूच म्हणाली, “बाजू ही घडीच आहे की.”

चौरसाचा कर्ण हीच दुप्पट चौरसाची बाजू. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रांत हे इसवी सनापूर्वी काही शतकं सांगून ठेवलंय. यज्ञाच्या वेदी दोरीनं आखायच्या, तर दुप्पट वेदीची दोरी कुठून कुठं ताणायची, याचा तो नियम; त्या दोरीला द्विकरणी म्हणत. त्यात दिलेला गुणक अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीतून येतो ५७७ भागिले ४०८, म्हणजे १.४१४२१५..., पाच दशांश स्थळांपर्यंत बिनचूक. मुलांनी पट्टीनं मोजून, प्रमाण लावून आणलेलं उत्तर होतं ‘सेहेचाळीस-सत्तेचाळीस फूट’. खरं उत्तर सेहेचाळीस फूट आठ इंच. जमीन मोजणाऱ्यांची जुनी साखळीही ३३ फुटांची, सोळा आण्यांची. गुंठा तिच्यातूनच आला. दोरी, साखळी, कागदाची घडी: एकच काम, तीन हत्यारं.

त्या दिवशी माझा पाऊण तास गेला. फळ्यावर हे मी चार मिनिटांत सांगितलं असतं. हे चार मिनिटांचं आमिष फार मोठं असतं, आणि सगळी शाळा त्याच आमिषावर उभी आहे.

आपल्याकडे शाळेत ‘प्रश्न’ या शब्दाचा अर्थच वेगळा झालाय. धडा संपला की ‘प्रश्नोत्तरं लिहून घ्या’. प्रश्न कुणी विचारला? कुणीच नाही. तो धड्याखाली छापलेला असतो, उत्तर फळ्यावर येतं, वहीत उतरतं, परीक्षेत परत जातं. ‘शास्त्रीय कारणे द्या’ हा तर माझा लाडका प्रकार. कारण द्या म्हणायचं आणि कारणसुद्धा पाठ करून घ्यायचं. दहावीला ‘अपेक्षित’ नावाची वस्तू विकत मिळते: कोणते प्रश्न येतील त्यांचे संच. जो प्रश्न अपेक्षित आहे तो प्रश्न कसला, असं मराठीतल्या कुणालाही वाटू नये इतका तो शब्द आपल्या अंगवळणी पडलाय. बालभारतीच्या नव्या पुस्तकांत चौकटी आल्या: ‘सांगा पाहू’, ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’. ज्यांनी त्या घातल्या त्यांचा हेतू सोन्यासारखा होता. बाजारात गाइड उघडा. ‘जरा डोके चालवा’चीही तयार उत्तरं छापलेली आहेत. डोकं चालवण्याचं कामही छापखान्याकडे.

घरात निराळं नाही. ‘का?’ विचारलं की ‘उलट बोलू नको’. ‘कशावरून?’ विचारलं तर ‘तोंड वर करून विचारतोस?’ मोठ्यांनी लहानांना विचारायचं, लहानांनी उत्तर द्यायचं, आणि प्रश्नाची दिशा उतरणीच्या पाण्यासारखी ठरलेली. गंमत अशी की ज्या तालुक्यात हे लिहितोय तो मोठ्यांना प्रश्न विचारणाऱ्यांचा तालुका आहे. टाटांच्या धरणाखाली आमच्या जमिनी का, हे विचारत १९२१ साली मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले. ते धरण झालं, प्रश्न पाण्याखाली गेला नाही. बालभारतीचं पुण्यातलं मुख्य कार्यालय त्याच सेनापती बापटांच्या नावाच्या रस्त्यावर आहे, हा आपला एक योगायोग.

महाराष्ट्रात प्रश्न विचारून शिकवण्याच्या या वाटेनं आधी कुणी गेलंच नाही असं नाही. उलट वाट चांगली मळलेली आहे, फक्त तिच्यावर गवत पुन्हा पुन्हा उगवतं.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. वि. गो. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. मूळचा भौतिकीचा माणूस. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत आणि पुढे मुंबईच्या पालिका शाळांत जाऊन काम केलं. पालिका शाळांतली दलित मुलं विज्ञानात मागं का पडतात, याचं ‘बुद्धी कमी’ हे उत्तर त्यांनी मानलं नाही. पाठ्यपुस्तकाची भाषा मुलांच्या भाषेपासून किती लांब आहे, वर्गात मुलाला तोंड उघडायला मिळतं का, हे त्यांनी तपासलं आणि त्यावर काम केलं, तर तीच मुलं पुढं सरकली. याच केंद्रात पुढे जयश्री रामदास आणि इतरांनी मुलांच्या ‘चुकीच्या’ कल्पनांचा अभ्यास केला. दिसतं कसं, वनस्पती जगतात कशा, याबद्दल मुलांच्या मनात आधीच काही असतं. ती रिकामी पाटी घेऊन येत नाहीत. रामदास यांची ‘स्मॉल सायन्स’ ही प्राथमिक वर्गांची पुस्तकमाला पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की पुस्तकातही ‘कशावरून?’ लिहिता येतं. पानापानांवर प्रश्न, निरीक्षण करायला लावणाऱ्या गोष्टी, आणि उत्तर मुलानं शोधून लिहायचं.

कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. कादंबरीकार ना. सी. फडक्यांची ही मुलगी. वडिलांनी लिहिलेल्या दिवाणखान्यांपासून खूप लांब, मुलांच्या गराड्यात रमली. शिक्षकानं वर्गात काय करायचं याबद्दल त्यांनी मराठीत जितकं लिहिलं तितकं क्वचितच कुणी लिहिलं असेल, आणि ते शिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी वाचावं, अभ्यासक्रमात असो वा नसो.

सातारा तालुक्यातलं कुमठे बीट हे अलीकडचं नाव. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक यांनी ‘ज्ञानरचनावाद’ हा जड शब्द वर्गाच्या फरशीवर उतरवला. मुलं गटात बसतात, वस्तू हाताळतात, एकमेकांना विचारतात, शिक्षक मधे फिरतो. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. २२ जून २०१५चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय आला त्या सुमाराला कुमठ्याचं नाव सगळीकडे झालं. मग काय झालं? गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या. वर्तुळं, शतकचौकटी, अक्षरांच्या गाड्या. रंग नेता आला, कारण रंग डब्यातून मिळतो. मुलाच्या चुकीसमोर गप्प बसणारा शिक्षक डब्यातून मिळत नाही. काही ठिकाणी रंगलेल्या फरशीवर सतरंजी अंथरून जुनाच पाठ चाललेला मी पाहिलाय. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. जनगणनेपासून पोषण आहाराच्या हिशोबापर्यंत त्यांच्या डोक्यावर जे आहे ते पाहता फरशी रंगवली हेच पुष्कळ.

मोठ्या मुलांचं एक उदाहरण मला जास्त शिकवून गेलं. १९९३ साली मुंबई विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक एस. कुमारेसन यांनी उन्हाळ्यातली चार आठवड्यांची शिबिरं सुरू केली, एमटीटीएस या नावानं ती देशभर ओळखली जातात. बी.एस्सी., एम.एस्सी.ची मुलं येतात. ती गावाकडच्या कॉलेजांतून, प्रमेयं सिद्धतेसकट पाठ करून आलेली असतात. इथं व्याख्यान नाही. शिक्षक व्याख्या लिहितो आणि विचारतो: उदाहरण द्या. हे उदाहरण का? ही अट काढली तर काय होईल? मुलगा फळ्यापाशी जातो, अडकतो, तिथंच उभा राहतो. पहिले काही दिवस मुलांना रडू येतं, असं तिथं जाऊन आलेल्या एका प्राध्यापक मैत्रिणीनं मला सांगितलं. पंधरा वर्षं शाबासकी मिळवून देणारं पाठांतर एका प्रश्नात गळून पडतं, तर रडू येणारच. “आणि मग?” मी विचारलं. “मग भांडायला लागतात,” ती म्हणाली, “आमच्याशी. तेव्हा समजायचं, जमलं.”

या सगळ्यांत एक धागा मला दिसतो. कुणीही चुकीचं उत्तर पुसत नाही. सहासष्टला ‘नाही’ म्हटलं की सहासष्ट संपतं. ते कुठून आलं ते कळत नाही, आणि त्याच्या आत जे बरोबर आहे तेही जातं. दुप्पट जागेला बाजू वाढवावी लागेल, हे सहासष्टच्या आत होतंच. आयताला तर सहासष्टच लागतात! मुलाची चूक ही बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्यातरी प्रश्नाचं बरोबर उत्तर असतं. तो दुसरा प्रश्न शोधायचा, मग पुढचा आपोआप सुचतो. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असं पाचवीतला मुलगा म्हणतो तेव्हा मी आता विचारतो, “दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा मोठे की लहान?” तो पट्टी काढतो, पाच भाग करतो, पाहतो. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि अर्ध्यापेक्षा कमी उरलं. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते कुठल्याही लाल शाईनं उमटत नाही.

शास्त्रज्ञांनी हे मोजायचाही प्रयत्न केलाय. १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या तीस मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला, एकवीस ठोकळे, आणि शिकवणारी बाई कधी, किती मदत करते ते टिपलं. त्या मदतीला त्यांनी जो शब्द वापरला तो मराठीत ‘परांची’. बांधकामाला उभी करतात ती. महाळुंग्यात पूर्वी गल्लोगल्ली बांबूच्या परांच्या दिसत. आता उंच इमारतींना ॲल्युमिनियमचे मायवान साचे लागतात, परांची कमी झाली. पण तिचं एक लक्षण कुठल्याही गवंड्याला विचारा: ती काढायची असते. काढल्यावर भिंत उभी राहिली तर काम झालं. शिकवणीच्या धंद्यात परांची काढायची पद्धत नाही, कारण भिंत उभी राहिली तर पुढच्या वर्षीची फी बुडते.

मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून पाहिलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंद थांबत होते. एक सेकंद! मग स्वतःच उत्तर, नाहीतर दुसऱ्या मुलाकडे बोट. त्यांना तीन सेकंद किंवा जास्त थांबायला शिकवलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि मुलं आपणहून प्रश्न विचारायला लागली. हे वाचल्यापासून मी मनात मोजतो: एक गुंठा, दोन गुंठे, तीन गुंठे, चार गुंठे. चार गुंठे म्हणजे साधारण चार सेकंद. करून बघा, समोर मूल गप्प बसलेलं असताना चार गुंठे हे चार एकरांसारखे वाटतात.

आणि एक अभ्यास मला टोचला. २००१ साली मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी एकेका मुलाला एकेक शिकवणारा दिला. पहिल्यांदा शिकवणाऱ्यांना मोकळं सोडलं. ते समजावत राहिले, बोललेही तेच जास्त. दुसऱ्यांदा त्यांना बजावलं: समजावायचं नाही, मुलाला फक्त बोलतं करायचं. मुलं तितकीच शिकली. म्हणजे ते सगळं सुंदर समजावणं, फळ्यावरच्या त्या आकृत्या, मी इतकी वर्षं घासूनपुसून लखलखीत केलेले दृष्टांत, त्यांची नड नव्हती. ती नड माझी होती.

या पद्धतीच्या भाटांनी दोन गोष्टी लपवू नयेत. एक, ती महाग आहे. शिक्षणहक्क कायद्यानं प्राथमिकला तीस आणि उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवलाय. पस्तीस सहासष्टांना पस्तीस वेगळे ‘कशावरून’ लागतात. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली म्हटलं होतं की एकास एक शिकवलेलं सरासरी मूल वर्गात शिकलेल्या ९८ टक्के मुलांच्या पुढं जातं. पुढच्या अभ्यासांत इतका मोठा फरक सापडला नाही, पण फरक आहे, आणि तो परवडणाऱ्यांनाच परवडतो. दोन, सगळंच विचारून काढता येत नाही. दिल्ली राजधानी आहे हे मुलाकडून वदवून घ्यायला गेलात तर तो छळ आहे. शब्द, खुणा, नावं, ठरवून घेतलेल्या गोष्टी सरळ सांगाव्यात. गुंठा तेहतीस बाय तेहतीस हे तिला कुणीतरी सांगितलं होतं म्हणूनच ती पुढं विचार करू शकली.

आता मुलांच्या हातात फोन आहे. गणिताचा फोटो काढा, पायऱ्यांसकट उत्तर. हे गाइडचंच धाकटं, जास्त हुशार भावंड. त्याला ‘उत्तर देऊ नकोस, प्रश्न विचार’ असं सांगता येतं, आणि तो विचारतोही, बऱ्यापैकी. पण असं सांगायला मुलाला उत्तर नको असावं लागतं. मी सोसायटीतल्या नववीतल्या मुलाला सुचवून पाहिलं. “काका, उद्या सबमिशन आहे,” तो म्हणाला. त्याचंही बरोबर आहे.

पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकामध्ये जयंत नारळीकरांची एक पद्धत होती. मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव. उत्तर देईन, त्याखाली सही असेल. सही फुकट नाही, तिची किंमत एक प्रश्न. मुलाला घरी जाऊन विचार करावा लागे की आपल्याला नक्की काय माहीत नाही. त्याच आवारात, सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून पु. लं.च्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या ‘पुलस्त्य’ इमारतीतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी २००३पासून दहा-अकरा वर्षं कचऱ्यातून खेळणी केली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, एवढ्यात भूमिती. काड्यांचा त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन कलतो. का? मूल दाबून पाहतं. इथं काडीच शिक्षक होते आणि ती कधी कंटाळत नाही, कधी चार मिनिटांत उरकत नाही. नारळीकर २०२५च्या मे महिन्यात गेले. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे त्यांचं पोस्टकार्ड आहे, फ्रेम करून भिंतीवर. उत्तर फ्रेममध्ये दिसतं. आपण विचारलेला प्रश्न काय होता ते त्या गृहस्थांना आठवत नाही.

त्या गुंठ्याच्या शनिवारनंतर पंधरा दिवसांनी सातवीतली मुलगी आली ती आजोबांना घेऊनच. आजोबा पांढऱ्या टोपीत, दारातच चपला काढून उभे. नातीनं घरी कागदाचे चार त्रिकोण दाखवले होते, सेहेचाळीस फूट आठ इंच सांगितलं होतं, आणि आजोबांचं समाधान झालं नव्हतं. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत. तिच्या वहीतला चौरस त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

“समदं बरोबर हाय,” ते म्हणाले, “पण ह्यात रस्ता कुठनं सोडलाय?”

ती गप्प. बाकीची मुलंही. दोन गुंठे दोन गुंठेच राहायला हवेत, चौरसच हवेत, आणि दहा फुटी रस्ता त्यातूनच द्यायचा की बाहेरून, बाहेरून तर कुणाच्या बांधावरून. मी तोंड उघडणार होतो. एक गुंठा, दोन गुंठे, तीन गुंठे मोजत बसलो.

तिनं पेन्सिल उचलली आणि आजोबांकडे वर पाहिलं.

“कुठल्या अंगानं सोडू, आबा? नदीच्या का रस्त्याच्या?”